वाजवे दुधरामकाका, हाले मी

माहा जनम पवनीचा, विणकराच्या घरचा. बाप मागावर बसे, आई कांड्या भरे, पण माहा हात काही मागावर बसला नाई, मंग मी पावसाळ्यात धानाच्या रोवण्याले जाओ आन् लग्नसराईत बँड पार्टीत. बँड पार्टीत म्हणजे, आता काय सांगू तुमाले ताई, सांगाले लाज वाटते, मी वाजवत नव्हतो. मालकाले वरातीत दहा माणसं दाखवा लागत, वाजवणारे पाच, बाकीच्याइले लाल कोट घालून हातात बाजा देत, फुंकाचं नाई, गाल तेवढे फुगवाचे. मी तसाच, सॅक्सोफोन घेऊन.

वाजवे कोण, तं दुधरामकाका. म्हातारा, वाळलेला, माह्या मांगं खांबासारखा उभा राहून वाजवे, त्याच्याकडं कोणी पाहे नाई. मी मोबाईलवर परदेशातल्या जाझवाल्याइचे व्हिडिओ पाहू पाहू शिकलो, डोळे कसे मिटाचे, गुडघ्यात कसं वाकाचं, सूर वर गेला का बाजा आभाळाकडं कसा उचलाचा. काकानं श्वास घेतला का मले पाठीवर समजे आन् सूर निंघाच्या आधीच माहं अंग वाके. लोकं म्हणत वा रे पठ्ठ्या, नवरदेव माह्यासंग फोटो काढे, हार माह्या गळ्यात. एक तरी हार काकाले दिला का मी? नाई दिला. आन् काका काय म्हणे, तू हालतो म्हणून मले वाजवाले मजा येते रे मारोती.

माही पोरगी प्राची, तिनं शाळेत सांगून टाकलं का माहे बाबा सॅक्सोफोन वाजवते. हेडमास्तरचा निरोप आला, गॅदरिंगमध्ये वाजवा. तवाच खरं सांगाले पायजे होतं, पण पोरीचं तोंड पाहून माही जीभ उचलली नाई. काकाले म्हणलं, तुमी पडद्यामांगून वाजवा. काकाले दमा, त्या हप्त्यात लय धाप लागून राहिली होती, तरी म्हणे, पोरीसाठी येतो ना बापा.

दुपारचा कार्यक्रम, प्राची पहिल्या ओळीत. काका वाजवे, मी हाले, पोरं टाळ्या पिटत. आन् मधातच सूर तुटला. काका तसा कधी कधी थांबे आन् मंग एकदम वर जाये, मले वाटलं तेच, म्हणून मी आणखी वाकलो, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, बाजा आभाळाकडं, आन् आवाज काहीच नाई, पडद्यामांगून खोकला. पोरं हासाले लागली. डोळे उघडले तं प्राची मान खाली घालून बसली होती.

पण लाज त्याची नाई ताई. हासू झालं, ते सोसलं. हेडमास्तर पडद्यामांगं गेले, मीबी गेलो, काका जमिनीवर बसून खोकून राहिला होता, बाजा मांडीवर. हेडमास्तरनं विचारलं, हे कोण? आन् मी म्हणलं, कोणी नाई सर, बाजे उचलाले आणला.

काकानं ऐकलं. माह्याकडं पाहिलंबी नाई. आपला बाजा फडक्यात गुंडाळला, माह्या हातातला घेतला, दोन्ही खांद्यावर टाकले आन् धापा टाकत फाटकापर्यंत उचलून नेले. मी रिकाम्या हातानं त्याच्या मांगं मांगं.

प्राचीले त्याच रोजी सगळं सांगितलं. काकाले डॉक्टरनं फुंकणं बंद केलं. मीबी पार्टी सोडली, आता दर रविवारी काकाच्या घरी शिकाले जातो. माहा आवाज रेड्यासारखा निंघते. काका म्हणते, अंग हालवू नोको, आधी सूर धर. माफीचा शब्द ओठापर्यंत येते, तेवढ्यात काका चहा मांडाले सांगते, आन् राहून जाते. त्या दिवसाचं त्यानं कधी नाव काढलं नाई. देव त्याच्या छातीत श्वास ठेवो.

तुमी हे लिवून राहिल्या ना ताई, तं माहं नाव बदलू नोका. काकाले वाचता येत नाई, पण त्याची नात त्याले वाचून दाखवते. काकाले मी ‘कोणी नाई’ म्हणलो, ते गाळू नोका. तिथंच खाली लिवा, मारोती खोटं बोलला.