सुटे गिळणारं मशीन

…आणि वर मलाच म्हणत होते सगळे, "त्याला हात लावू नका!" अहो, हात नको लावू तर काय पाया पडू त्याच्या? चहाचं मशीन आहे ते! नाणं टाका, बटण दाबा, चहा घ्या, सुटे घ्या, चालू लागा. म्हातारं झालं होतं, सुटे परत देत नव्हतं, गिळून बसायचं. बिघाड होता, साधा बिघाड! पण तुम्हाला सांगतो, आमच्या खोक्यांच्या कारखान्यात साधं असं काही कुणाला चालतच नाही.

झालं काय, माणसं कमी करायची टूम निघाली. रोज कुणाला तरी वरून बोलावणं यायचं, साहेबांच्या केबिनमध्ये, आणि तो खाली उतरायचा तो थेट आपला डबा पिशवीत भरायला. त्यात एकदा हिशेबवाल्या काकांचे सुटे मशीननं गिळले, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर काकांना बोलावणं! मग रंगखात्यातल्या जाड्याचे गिळले, जाड्या गेला. मग पॅकिंगच्या वहिनी गेल्या. झालं! ठरलंच सगळ्यांचं. मशीननं सुटे ठेवून घेतले की तुमचं नाव निघालं म्हणून समजा!

मी म्हटलं, आपण दुरुस्तीखात्यातले, पाना-पकडवाले, आपला नाही असल्यावर विश्वास! अहो, जो घाबरलाय तोच दिवसभर मशीनपाशी घुटमळणार, चहावर चहा ढोसणार, मग सुटे त्याचेच अडकणार ना? सांगितलं मी, अगदी घसा फोडून सांगितलं. ऐकतंय कोण! माणसं मशीनसमोरून जाताना मान खाली घालायला लागली. झाडणाऱ्या मावशी तर त्याच्या पुढचा केर तसाच सोडायच्या. "दादा, आत काहीतरी खरखरतं हो… माणूस जवळ गेला की थांबतं." म्हटलं, मावशी, मोटर आहे ती. तर म्हणतात, "मग माझ्यासाठी का थांबते?"

आणि मग वरून मला फोन. साहेबांचा. या माणसाचा आवाज इतका मऊ, की ऐकताना पाठीतून गार पाणी गेल्यासारखं होतं. "ते चहाचं मशीन… जरा बघून घ्याल?" घ्याल म्हणजे काय, घेतोच! घरी बायकोला सांगितलं, तर तिचा हात पोळपाटावरच थांबला. "नीट करा हो. या वयात तुम्हाला दुसरं कोण दारात उभं करणार आहे?" बरोबर होतं तिचं, म्हणून तर राग आला! आणि तिचा भाऊ, आमच्याच कारखान्यात मुकादम, तो कानाशी येऊन काय म्हणावा? "दाजी, उघडताय खरं… पण ते तुमचा चेहरा लक्षात ठेवील हां."

आपण पाना-पकडवाले! उघडलं दार. मागे सगळा कारखाना जमलेला. आत काय, तर सुट्या नाण्यांच्या उभ्या नळ्या, आणि नळीच्या तळाशी पत्र्याची एक पट्टी. ती पुढे सरकली की नाणं बाहेर. ती सरकतच नव्हती! इतक्या वर्षांची चहाची वाफ, साखर, सगळं थरावर थर बसून पट्टी चिकटलेली, आणि मागची स्प्रिंग मोडून पडलेली. हे तुमचं भूत! गरम पाणी घेतलं, दात घासायच्या ब्रशानं खरवडलं, माझ्याच पेनातली स्प्रिंग काढून बसवली. म्हटलं, चला, आता एक नाणं द्या कुणीतरी, बघू या.

एकजात सगळ्यांचे हात खिशात. आणि बाहेर एकाचाही येईना! मुकादम छताकडे बघतोय, मावशी पुटपुटतायत… शेवटी काढलं माझंच. आपला नाही असल्यावर विश्वास, पण खरं सांगतो, बोट सुटेना हो नाण्यावरून. टाकलं. आत खरखर झाली… थांबली. काही नाही. मेलो म्हटलं! डोळ्यांपुढे बायको आली, ते पोळपाट आलं… आणि खण्ण! सुटे बाहेर! लोकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. मावशी रडल्या. मुकादमानं मिठी मारली, "दाजी, वाचलो आपण!"

आणि तेवढ्यात वरून बोलावणं. मला!

गेलो ना. घाबरतो काय? सुटे तर परत आले होते माझे! साहेब म्हणाले, "झालं का दुरुस्त?" म्हटलं, एकदम. "पुन्हा बिघडेल?" आता सांगा, कारागिराला हे विचारतात का? छाती फुगवून म्हणालो, साहेब, जन्मात नाही! "आणि कारखान्यातलं बाकीचं?" म्हटलं, माझ्या हातचं काही बिघडतच नाही, लिहून घ्या. साहेब अगदी मऊ हसले. "मग दुरुस्तीला कायमचा माणूस कशाला ठेवायचा, नाही का?"

महिनाअखेरपर्यंत आहे मी. काल सगळ्यांची नजर चुकवून मशीनमध्ये नाणं टाकलं आणि वर एक सणसणीत लाथ घातली. म्हटलं, बिघड बाबा, एवढं कर माझ्यासाठी. मशीन गदागदा हललं… चहा आला. गरम. आणि सुटेसुद्धा आले हो, अगदी चोख!