आमच्या चार नंबरला काढू नका

...नाही, पण मला एक सांगा, देशासाठी प्रार्थना करायला माझी ना नाही, पण ज्या सरकारने गुरुवारी मला 'चालते व्हा' म्हणून पत्र पाठवलं, त्याच सरकारला सद्बुद्धी दे म्हणून रविवारी मीच उभं राहून देवाकडे मागायचं? सगळ्या चर्चसमोर? टाय लावून? अहो, ही काय चेष्टा आहे!

थांबा, असं मधूनच नको, पहिल्यापासून सांगतो. मी शशिकांत आमोलिक. मूळचा नगरचा, आता ब्रिस्टल. विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, बायको अनुराधा हॉस्पिटलात लॅबमध्ये. आम्ही ख्रिस्ती. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मला आरती म्हणताना बघून तुमच्यातले काही जण दचकतात, पण आरती मला पाठ आहे आणि मोदकाला धर्म नसतो. तर दोन हजार पाचच्या डिसेंबरात आम्ही इथे आलो, हायली स्किल्ड व्हिसावर. सरकारनेच म्हटलं होतं, हुशार लोक पाहिजेत, या, इथेच घर करा. म्हणून आम्ही पुण्याचा फ्लॅट विकून आलो! पहिल्याच रविवारी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये गेलो, तर दारातच डेरेक.

डेरेक हॉस्किन्स. वय सत्तर, चर्चचा वॉर्डन, म्हणजे कारभारी, कोटावर सेंट जॉर्जच्या लाल क्रॉसचा, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्याचा बिल्ला, गाडीवर तोच झेंडा, चहाच्या मगावर तोच झेंडा. मला बघून म्हणतो, "ऑल राइट, माय लव्हर?"

अनुराधाने माझ्याकडे असं बघितलं! मला काय माहीत, ब्रिस्टलमध्ये दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळेच असं म्हणतात! वर त्यांची दुसरी खोड, शब्दाच्या शेवटी 'आ' आला की तिथे 'ल' चिकटवायचा. "फ्रॉम इंडियल? आणि ख्रिश्चन? वेल डन! कधी कन्व्हर्ट झालास?" म्हटलं, माझे खापरपणजोबा झाले, दीडशे वर्षांपूर्वी. तर माझा खांदा थोपटून म्हणतो, "नेव्हर माइंड, हळूहळू सवय होईल."

मी हसलो. व्हिसावरचा माणूस, दुसरं काय करणार?

आणि डेरेकचं एकच टुमणं. हा ख्रिश्चन देश आहे आणि बाहेरच्या लोकांनी तो भरून गेलाय. दर रविवारी उपासना संपली की चहाच्या टेबलावर त्याचा तो कागद, 'दारं बंद करा' म्हणून खासदाराला पाठवायचा, आणि खाली सह्या. एकदा माझ्याच पुढे पेन धरलं! म्हटलं, अहो डेरेक, मीच बाहेरचा ना? तर म्हणतो, "छे छे, तू नाही, ते! ते दुसरे!" बरं, याचा स्वतःचा मुलगा वीस वर्षं ऑस्ट्रेलियात. पण तो इमिग्रंट नाही हं. तो 'सेटल' झालाय! सही मी केली नाही, चहा सांडल्याचं निमित्त केलं... आणि हसलो. व्हिसावरचा माणूस!

पण माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला पाहिजे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात एकटा, आठवडाभर कोणाशी बोलणं नाही. त्याचं सगळं आयुष्य म्हणजे रविवारचं चर्च आणि मंगळवारचं स्किटल्स.

स्किटल्स माहिती आहे का? नाही? या भागातला अस्सल खेळ. पबच्या मागच्या बाजूला लांबलचक लाकडी पट्टी, टोकाला नऊ लाकडी खुंट्या मांडलेल्या, आणि आपण इकडून लाकडी चेंडू सोडायचा. आमच्या चर्चची टीम होती, सगळे साठीच्या पुढचे, एकाच्या हातात काठी तर दुसऱ्याच्या गुडघ्यात लोखंड. एका मंगळवारी माणूस कमी पडला म्हणून डेरेक मला धरून घेऊन गेला. मी चेंडू हातात घेतला, खाली वाकलो, त्या उभ्या खुंट्या बघितल्या... आणि तुम्हाला सांगतो, मी ब्रिस्टलमध्ये राहिलोच नाही!

मी थेट नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये. रविवारची शाळा सुटलेली, चिंचेखाली सात खापऱ्या एकावर एक, आणि हातात पाण्यात बुडवून जड केलेला चिंध्यांचा चेंडू. लगोरी! एका फटक्यात सातच्या सात उडवणारा अख्ख्या कंपाउंडात मी एकटा. आणि तो चेंडू पाठीत बसला की काय कळ यायची, आहाहा! एकदा खापऱ्या राहिल्या बाजूला आणि चेंडू गेला पाळकसाहेबांच्या खिडकीतून आत, सरळ कालवणाच्या पातेल्यात. पाळकीणबाई पळीसकट बाहेर! मिलिंद ढसाळकर नावाचा माझा जोडीदार, तो शांतपणे म्हणतो, "बाई, चेंडू शिजला असला तर द्या." काय दिवस होते हो...

तर सोडला चेंडू. नऊच्या नऊ आडव्या! पबमध्ये असा काही आरडाओरडा की बियर सांडली. डेरेक म्हणतो, "कुठे शिकलास?" म्हटलं, इंडियल! त्या दिवसापासून मी टीमचा चार नंबर, म्हणजे चौथा खेळणारा. सात वर्षं लीगमध्ये तळाला असलेली टीम त्या हिवाळ्यात चक्क तिसरी आली.

आणि नेमकं तेव्हाच सरकारने नियम बदलले. म्हणजे बघा, मॅच अर्धी झाल्यावर खुंट्या लांब सरकवायच्या! व्हिसा वाढवायचा तर आता पंच्याहत्तर गुण पाहिजेत. पगाराचे गुण, डिग्रीचे गुण, वयाचे गुण. माझं वय एकेचाळीस. एकेचाळीसला किती गुण? शून्य! अहो, आमच्याकडे वयाला निदान नमस्कार तरी मिळतो! एकूण भरले पासष्ट. मार्चमध्ये पत्र आलं, नामंजूर. अपील करा, नाहीतर निघा.

अनुराधा पत्र घेऊन स्वयंपाकघरात उभी. म्हणाली, "अहो, उर्वीची शाळा?" उर्वी आमची मुलगी, नऊ वर्षांची. ती लगेच, "बाबा, आपला घर कुठे जाणार?" आपला घर! एरवी मी तिचं मराठी सुधारतो. त्या दिवशी नाही सुधारलं.

कोणाला सांगितलं नाही. लाज वाटते हो, नापास झाल्यासारखी. आणि रविवारी यादीत माझं नाव, प्रार्थना चालवायला! उभा राहिलो. आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, राणीसाहेबांसाठी केली, मग वाचलं, "प्रभू, तिच्या मंत्र्यांना दे..." पुढचा शब्द 'शहाणपण'. तो घशातून बाहेर येईना! दहा सेकंद गेले, वीस गेले, कोणी तरी खोकलं, आणि मी तसाच कागद धरून उभा. शेवटी मागच्या बाकावरून डेरेकच ओरडला, "विज्डम!" त्याला वाटलं, मला वाचता येत नाहीये.

बाहेर आल्यावर त्याने मला गाठलं. म्हटलं, डेरेक, मला काढतायत. पत्र दाखवलं. चष्मा लावून त्याने दोनदा वाचलं. "पण हे तर त्या दुसऱ्यांसाठी होतं ना?"

आणि या वेळी मी हसलो नाही. म्हटलं, "डेरेक, तो दुसरा मीच."

त्याने पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. टोपी घालून गेला. म्हटलं संपलं, मैत्रीही गेली. तर मंगळवारी स्किटल्सला आला तो नवा कागद घेऊन! वर मोठ्या अक्षरात, 'आमच्या चार नंबरला काढू नका', आणि खाली सह्या, पबच्या मालकापासून समोरच्या हरणाऱ्या टीमपर्यंत! खासदाराला त्याने अकरा पत्रं लिहिली. अकराव्याला खासदार कंटाळून स्वतः भेटला.

पुढचं ऐका. आमच्यासारखे हजारो लोक अडकले होते, त्यांनी लंडनला मोर्चा काढला. डेरेक म्हणाला, मीही येणार. आला, तेही खांद्यावर तो भला मोठा सेंट जॉर्जचा झेंडा घेऊन! म्हटलं, डेरेक, झेंडा कशाला? "हा माझा देश आहे आणि मला त्याची लाज वाटतेय. झेंडा घेऊनच सांगणार!" अहो, तिथे सगळे आपले, हैदराबाद, लाहोर, लागोस, आणि मधे हा लालबुंद गोरा म्हातारा झेंडा फडकवत! असा झेंडा घेऊन येणारे बहुधा आपल्याला हाकला म्हणणारेच, म्हणून लोक बाजूला सरकायला लागले. एक पोलीस अदबीने आला, "सर, मोर्चाला विरोध करणारे पलीकडच्या फुटपाथवर उभे राहतात." डेरेक असा तडकला! "विरोध? मी याच्याबरोबर आहे! ही इज अवर नंबर फोर!" पोलिसाला काय कळणार, कसला नंबर फोर? त्याला वाटलं, मी कोणी तरी मोठा मंत्रीबिंत्री. मला सॅल्यूट ठोकला! मी... हसलो. सॅल्यूट घेऊन हसलो!

मग वर्षभर नुसतं टांगणीला. अपील पडून, पासपोर्ट सरकारकडे, नगरला साध्या लग्नाला जाता येईना. शेवटी आठ सालच्या एप्रिलमध्ये लंडनच्या हायकोर्टाने सांगितलं, की आधी बोलावून घेतलेल्या लोकांना मधेच नवे नियम लावणं हा अन्याय आहे. आणि शरद ऋतूत आमचं पाकीट आलं. व्हिसा! अनुराधा पायरीवरच बसली आणि रडायला लागली, उर्वी नुसती गोल गोल पळत सुटली, आणि मला... कसं सांगू, दीड वर्षं छातीवर कोणी बसलं होतं, ते उठून गेलं. डेरेकला फोन केला.  पलीकडून आधी नाक शिंकरल्याचा आवाज, आणि "मंगळवारी साडेसात. उशीर करू नकोस, माय लव्हर." रविवारी सगळ्या चर्चने उभं राहून आभार मानले, इतका वेळ की पाळकसाहेबांचा उपदेश राहूनच गेला. सगळ्यांना दुहेरी आनंद!

मग नगरला आईला फोन लावला. म्हटलं, आई, झालं! राहायचं झालं!  तर आई म्हणते, "म्हणजे येत नाहीस?" अगं आई... "नाही, बरं झालं. आम्ही आपली सगळी मंडळी वर्षभर दर बुधवारी गुडघ्यावर, शशीला परत आण म्हणून."

मी उडालोच! म्हटलं, आई! तू परत यायची प्रार्थना करत होतीस? मला तर म्हणायचीस, प्रार्थना चालू आहे! "मग चालूच होती की. कसली, ते तू कुठे विचारलंस?" आणि मग बारीक आवाजात विचारते, "राहावं म्हणून तिकडे कोण करत होतं?" म्हटलं, इथलं चर्च, डेरेक, सगळेच. "इंग्रजीत?" म्हटलं, हो, इंग्रजीतच.

आईने मोठा उसासा सोडला.

"मग बरोबर आहे रे बाबा. वरतीसुद्धा इंग्रजीतलेच अर्ज आधी काढतात."