साडूच्या गाडीचा हप्ता

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीसुद्धा! आज मला एवढंच विचारायचंय — शेजारच्याच्या ताटात लाडू पडला, तर आपल्या ताटातला कडू होतो का हो? नाही होत? मग तोंड का वाकडं होतं? ऐका.

दोन साडू होते, सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरला धैर्यशील, कागलला कापडाचं दुकान. धाकटा उमाकांत, गडहिंग्लजला शाळामास्तर. दोघांनी पाडव्याला एकाच शोरूममधून एकसारखी गाडी घेतली. रंग तोच, विम्याचा हप्ताही तोच. तोवर प्रेम असं, की दृष्ट काढावी!

तीन वर्षांनी धैर्यशीलला कळलं, साडूचा हप्ता आपल्यापेक्षा कमी आलाय. झालं! जेवण गोड लागेना.

"गाडी तीच, मग त्याचा कमी कसा?"

बायको शैलजा म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी आपला बंपर फाटकाला घासला, तो तुम्ही विम्यातून करून घेतलात. उमाकांतरावांचं दार चेपलं, ते त्यांनी पदरच्या पैशानं केलं. क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी सूट मिळते."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

आता यात बाजू कसली? पण मत्सर चढला की माणसाला हिशोबसुद्धा साडूच्या पक्षाचा वाटतो!

बसला फोन घेऊन. पाच कंपन्यांचे दर काढले. बघतो तर प्रत्येकीचा आकडा साडूपेक्षा जास्तच. मग गाडीची किंमत कमी दाखवली — हप्ता उतरला. पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कलम होतं, ते काढलं — आणखी उतरला. तरी साडू खालीच! शेवटी फोननं विचारलं, मागच्या वर्षी क्लेम घेतलाय का? दाबलं — नाही.

शैलजा म्हणाली, "घेतलाय की."

"त्यांना काय कळतंय?"

आणि आकडा आला साडूपेक्षा तीनशे वीस रुपयांनी कमी. काय तो आनंद! लगेच पैसे भरले आणि हप्त्याचा फोटो काढून सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी हात जोडले, मेहुण्यानं अंगठा दाखवला. उमाकांत मात्र गप्प. धैर्यशील मांडी थोपटून म्हणाला, "जळला!"

हसताय? हसा. त्या ग्रुपवर तुम्ही पण आहात.

पुढं आला अधिक महिना, तोही श्रावणातला. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवायला बोलावलं. अनारशांचं वाण मिळालं, पुरणाचे धोंडे झाले, दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी. पंगत उठतेय तोच ओढ्याला पाणी आलं. माणसं माडीवर चढली, गाड्या स्टिअरिंगपर्यंत बुडाल्या. पाणी एकच, मंडळी. पाण्याला कुठं साडू कळतो!

पाहणीला दोन कंपन्यांची दोन माणसं आली. उमाकांतचे कागद पाहिले, गाडी दुरुस्तीला नेली, खर्च मंजूर झाला. धैर्यशीलला त्याच्या कंपनीचा माणूस म्हणाला, "साहेब, इंजिनाचं कलम तुम्हीच काढलंय. आणि मागचा क्लेम लपवलाय, त्यामुळं बाकीचंही मिळणार नाही." धैर्यशील खाली बसला. हौसेची गाडी, अंगणात चिखलानं भरलेली. तिच्याकडं बघवेना.

परतीला दोघे साडू एसटीत, एकाच बाकावर. उमाकांतनं दोघांचं तिकीट काढलं. ते जास्तच झोंबलं!

तिकीट खिशात ठेवत धैर्यशील म्हणाला, "उमाकांतराव, खरं सांगा. मी ग्रुपवर हप्त्याचा फोटो टाकला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"कुठला फोटो, दादा?"

"अहो, सासुरवाडीच्या ग्रुपवर."

"त्या ग्रुपवर मी नाही. दोन वर्षं झाली बाहेर पडून. रोज सकाळी फुलांचे फोटो यायचे, फोन भरायचा."

मंडळी... ज्याला जाळायला घर पेटवलं, तो तिकडं बघतसुद्धा नव्हता!

आता माझ्याकडं बघा. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या बुवांना माझ्यापेक्षा मोठा मांडव होता. मी येताना खांब मोजून आलोय. बावीस! त्यांनी माझे मोजले असतील का हो? तुमच्या मनात ज्याचे खांब आहेत, त्याचं नाव आठवा. आठवलं? आता ते इथंच सोडा, हात मोकळे करा आणि त्या मोकळ्या हातांनी टाळी द्या — विठ्ठल, विठ्ठल!