अडतीस बाय बावीसची हरणं

…नाही हो, चित्राबद्दल माझी काही तक्रारच नाही, चित्र सुंदर आहे, जुन्या काळच्या कुणा शिकारी साहेबानं बंदूक बाजूला ठेवून काढलं असावं असं, त्याची छापील प्रत, मागे सालवृक्षांचं जंगल, पुढे नदी, काठावर पाच हरणं, अंगावरचा ठिपका न् ठिपका मोजून घ्या… माझं म्हणणं एवढंच की पाच जणं उभी आहेत, पाचांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या, कान ताठ, डोळे हे एवढाले, तर ती बघतायत कुठे?

आता तुम्ही म्हणाल, शशिकांतराव, रिटायर झालात, बसा गप्प. तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या खरेदी विभागात काढलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही, टेबल घेतलं की आम्ही खालून वाकून चार पाय आहेत का बघतो, आणि इथे तर पाच प्राणी माझ्याच हॉलमध्ये चोवीस तास कशाकडे तरी बघतायत आणि कशाकडे ते मला माहीत नाही, हे चालेल का?

बरं, हे चित्र घरात आलं कसं? तर टीव्ही गेला म्हणून. टीव्ही का गेला? तर जयंत घेऊन गेला म्हणून. जयंत म्हणजे आमचा एकुलता एक, वय एकतीस, मानेसरला मोटारीचे पार्ट्स बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. शिफ्टची ड्युटी, राजधानीतल्या ह्या आमच्या द्वारकेहून रोजचं जाणं-येणं जमेना, तेव्हा तिकडेच दोन मित्रांबरोबर खोली घेतली, आमचं काही म्हणणं नव्हतं, दर रविवारी यायचा, आईच्या हातचं खायचा, झोपायचा, जायचा. मग एकदा हा न सांगता आला. बुधवारी, भर दुपारी, हातात मळक्या कपड्यांची बॅग. मी म्हटलं, "ही काय धर्मशाळा आहे? यायचं असेल तर दोन दिवस आधी कळवत जा." एवढंच बोललो हो. सरकारी गेस्ट हाउसातसुद्धा आधी कळवावं लागतं. तो म्हणाला, "ओके बाबा."

आणि तेव्हापासून इतका शिस्तीत कळवतो म्हणून सांगू, दर शुक्रवारी, आईच्या मोबाईलवर, "आई, ह्या संडेला येत नाही." अकरा शुक्रवार झाले. एक चुकला नाही.

त्यातच मी एकदा बँकेत गेलेलो, तेवढ्यात येऊन टीव्ही घेऊन गेला. त्याच्याच पगारातला होता, मी काही बोललो नाही. पण भिंतीवर मागे काय राहिलं? चार भोकं आणि एक चौकोन. सगळी भिंत उन्हानं फिकट झालेली आणि टीव्हीमागचा तेवढा रंग नवा कोरा. आणि आमची अलकनंदा, संध्याकाळी सातला सवयीनं त्या चौकोनासमोर येऊन बसायची. पाच-सहा दिवस मी बघितलं. मग म्हटलं, यार, तिथे काहीतरी लावलं पाहिजे.

आमच्या सोसायटीत सध्या ही जुन्या जंगली चित्रांची फॅशनच आहे, वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीबाईंकडे पोपट आहेत, समोर मेहरांकडे हत्ती. मला वाघ हवा होता. अलकनंदा दुकानात गेली ती सरळ गुंडाळीतून अर्ध्याच उलगडलेल्या ह्या हरणांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हे." मी म्हटलं, वाघ बघ ना, काय रुबाब आहे. म्हणाली, "घरात एक आहे." फ्रेमवाला हसला. मी नाही हसलो.

पण माप मी दिलं. मापाच्या बाबतीत मी कुणावर विसंबत नाही. त्या चौकोनाच्या एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला स्विचबोर्ड, इंचभर इकडे-तिकडे सरकायला जागा नाही. चक्क कागदावर लिहून दिलं, अडतीस बाय बावीस, फ्रेमसकट, एक इंच जास्त झाल्यास माल परत. खाली सही, तारीख.

आठ दिवसांत चित्र आलं. मापाला तंतोतंत. चौकोन झाकला, भोकं झाकली, मी चहा घेऊन समोर बसलो आणि तिथून माझं डोकं फिरलं. ती बघतायत कुठे?

उजवीकडे बघतायत, एवढं दिसतं. उजवीकडे आमचा स्विचबोर्ड. गीझरचं बटण बघायला पाच हरणं कशाला लागतात? स्विचबोर्डाच्या पलीकडे घराचं दार. म्हणजे दार उघडून माणूस आत आला की पाच जणांच्या नजरेत सापडतो. कामवाली म्हणाली, "भाभीजी, ये हमको घूरते हैं, हम पहले किचन करेंगे." कुरियरवाला सही करताना दोनदा मान वर करून बघून गेला. प्रमोदिनीबाई आल्या, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "अहो, ही भेदरलेली आहेत. घरात भेदरलेली जनावरं लावू नयेत, घरातली माणसं तशी होतात." मी अलकनंदाकडे बघितलं. ती म्हणाली, "चहा टाकते."

भेदरलेली? मला पटेना. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात आम्ही जुने सहकारी महिन्यातून एकदा भेटतो, तिथे श्यामकांतला मोबाईलवर फोटो दाखवला. श्यामकांत दोनदा रणथंभोरला गेलाय, दोन्ही वेळा वाघ दिसला नाही, त्यामुळे वाघाबद्दल तो फार अधिकारानं बोलतो. म्हणाला, "बिल्कुल वाघ. आणि ही हरणं नव्हेत, चितळ. पण चितळ घाबरलं ना शशी, की शेपटी वर करतं आणि पुढचा पाय आपटतं." घरी आलो, स्टुलावर चढलो. पाचांच्या पाच शेपट्या खाली. वीसच्या वीस पाय जमिनीवर. म्हणजे घाबरलेली नाहीत. बरं, खात नाहीत, पीत नाहीत, पळत नाहीत, घाबरतही नाहीत, मग तुम्हीच सांगा, ती बघतायत कुठे?

मी भिंग काढलं. हसू नका. रोज सकाळी पेपर झाला की चित्र, डावीकडून सुरू करायचं आणि उजवीकडे यायचं, झाड न् झाड, दगड न् दगड. अलकनंदा म्हणायची, "अहो, बघू दे ना त्यांना, तुमचं काय जातंय?" चौथ्या दिवशी, उजव्या कडेला, अगदी फ्रेमच्या लाकडाला चिकटून, पाण्यात मला सावली दिसली. दोन बारीक काड्यांसारखे पाय आणि पोटाचा थोडासा भाग, पाण्यावर आडवा पडलेला. सावली आहे आणि सावलीचा मालक नाही. खरेदी विभागात ह्याला काय म्हणतात ठाऊक आहे? माल कमी आला, असं म्हणतात.

तडक फ्रेमवाल्याकडे. म्हटलं, भाईसाहब, ये तस्वीर पूरी नहीं है. तो शांतपणे म्हणाला, "जी, काटी है." काटी है म्हणजे? "सरजी, तस्वीर थी पचास इंच की. आपका साइज़ था अड़तीस. बारह इंच मैं कहाँ ले जाता?" अहो, मग विचारायचं नाही का? त्यानं ड्रॉवर उघडला आणि माझाच कागद माझ्यापुढे ठेवला. एक इंच जास्त झाल्यास माल परत. सही माझी, तारीख माझी. म्हणाला, "आपको देख के पूछने की हिम्मत नहीं हुई, सरजी." आता माझ्याकडे बघून कुणाची हिंमत जावी असं माझ्यात काय आहे, तुम्ही सांगा… नको, राहू दे.

विचारलं, कापलेला तुकडा कुठाय? "वो तो फ्रेम करके बेच दिया. छोटा-सा पीस था, प्यारा था, बच्चों की डॉक्टर ले गई." पत्ता आमच्याच द्वारकेतला, तीन सेक्टर पलीकडे. गेलो. अलकनंदाला सांगितलं नाही.

तुम्ही कधी पासष्टाव्या वर्षी, एकटे, लहान मुलांच्या दवाखान्यात गेलायत का? आजूबाजूला रडारड, एक कार्टं माझ्या बुटावर बसलेलं आणि काउंटरवरची मुलगी मान खाली घालून फॉर्म भरतेय. "बच्चा कहाँ है, अंकल?" मी काय बोलणार, तोंडातून निघून गेलं, "मानेसर में." "उम्र?" म्हटलं, "इकतीस." "इकतीस महीने?" म्हटलं, "साल." तेव्हा तिनं मान वर केली. वर केली आणि तशीच ठेवली.

पण तोवर मला ते दिसलं होतं. बाळांचं वजन करायच्या काट्याच्या वर, उभी फ्रेम, बारा इंची. नदीच्या मधोमध, उथळ पाण्यात, एक पाडस. एकटं. मागे दुसरा काठ, पुढे अजून थोडं पाणी, आणि ते तिथेच थांबलंय, येऊ की नको अशा बेतात, मान उचलून डावीकडे बघतंय. डावीकडे कोण? तर लसीकरणाचा तक्ता.

खरं सांगतो, मला कसंतरी झालं. म्हणजे ती पाच जणं तिकडे माझ्या स्विचबोर्डाकडे बघतायत, हे इकडे पोलिओच्या डोसाकडे बघतंय, मध्ये तीन सेक्टर, आणि मापाचा कागद माझा. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, भल्या होत्या, मी म्हटलं, मला ह्याची फार गरज आहे, द्याल का? म्हणाल्या, "अंकल, बच्चे इसको देखते-देखते इंजेक्शन लगवा लेते हैं, कैसे दूँ?" बरोबर आहे. फोटो काढला आणि निघालो.

घरी येऊन फोटो अलकनंदापुढे धरला. म्हटलं, घे, सापडलं, ती पाच जणं ह्याच्याकडे बघतायत. तिनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "एकटंच आहे?" म्हटलं, हो. "वाळलंय का हो?" अलका, चित्र आहे ते. "हो, पण वाळलंय का?" म्हटलं, थोडं. मग म्हणाली, "कापलं कुणी?" म्हटलं, फ्रेमवाल्यानं. म्हणाली, "आणि माप?"

मी बाल्कनीत गेलो. तुम्हाला सांगतो, आमच्या घरात जयंताला फोन करायचं खातं तिचं. माझ्याकडे नंबर आहे, लावायची वेळ कधी आली नव्हती. लावला. एका रिंगमध्ये उचलला. मागे मशिनची घरघर आणि हा ओरडतोय, "बाबा? आईला काय झालं?" म्हटलं, काही नाही. "मग कोण गेलं?" अरे, कोणी गेलं नाही, सहज केला. मशिनची घरघर लांब गेली, हा बाहेर आला असावा. मग हळूच म्हणतो कसा, "बाबा, तुम्ही सहज फोन करता?" म्हटलं, का, करू नये का? म्हटलं, जेवलास का? म्हटलं, वाळलायस का? आणि शेवटी म्हणून गेलो, "जमेल तेव्हा ये. कळवायची गरज नाही." तिकडून एकच वाक्य आलं, "बाबा, जिथे आहात तिथेच बसा, हलू नका." आणि फोन बंद.

सव्वा तासात दारात. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, हात ग्रीसचे, मागे कंपनीतला मित्र आणि खाली त्याची गाडी चालू ठेवलेली. मी म्हणतोय, अरे, मला काही झालेलं नाही, तर हा आईला बाजूला घेऊन विचारतोय, "असं गोड कधीपासून बोलतायत?" ती म्हणाली, "आजच." झालं. दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं आणि लिफ्टमध्ये घातलं. मी पाडसाचं सांगायला लागलो, नदीचं सांगितलं, लसीकरणाच्या तक्त्याचं सांगितलं, तर मित्र म्हणतो, "यार जयंत, जल्दी चल, अंकल बहक रहे हैं."

आता मी तुमच्याशी बोलतोय तो हॉस्पिटलच्या कॉटवरून. छातीला वायरी लावलेल्या आहेत, ईसीजीची पट्टी निघते ती एकसारखी निघते, नर्स म्हणते सगळं नॉर्मल. जयंत शेजारी स्टुलावर. वाळलाय. थोडा नाही, बराच. आईनं डबा आणला, तर तो ह्यानंच संपवला, आणि ती पदरानं त्याच्या हाताचं ग्रीस पुसत बसली. मग डॉक्टर आले, तरुण होते, म्हणाले, "अंकल, कोई तकलीफ़ नहीं तो छुट्टी दे देते हैं, बेटा भी ड्यूटी पे लौट जाएगा. दर्द है कहीं?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटा कागद पुढे जाऊ दिलेला नाही, हे कुणालाही विचारा. मी जयंताकडे बघितलं. अलकनंदा माझ्याकडे बघत होती. म्हटलं, "थोड़ा-सा है, डॉक्टर साहब, यहाँ, बाईं तरफ़." ते म्हणाले, मग आणखी दोन-चार टेस्ट करू, मुलाला थांबावं लागेल, रिपोर्ट यायला सोमवार उजाडेल.

म्हटलं, सावकाश येऊ द्या.