गोठ्यालगतची खोली

(संग्रहालय झालेलं जुनं शेतघर. शेवटचे पाहुणे नुकतेच गेलेत. इथे जन्मलेला दादा आता इथेच वाटाड्या आहे.)

धाकटी : दोनदा वाचली मी पाटी. 'या खोलीत मोलकरीण राहत असे.' आपल्याकडे कधी होती रे मोलकरीण?

दादा : बस तरी आधी.

धाकटी : त्या खोलीत आत्या राहायची. तीस वर्षं.

दादा : पाट्या लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, खोली कुणाची. सख्ख्या बहिणीला गोठ्याशेजारी ठेवलं, म्हणजे बाबा कसले, असं वाटलं असतं लोकांना. बोलून गेलो.

धाकटी : बाबांची अब्रू झाकायला आत्याला मोलकरीण केलंस. आई गेल्यावर आपलं हगणंमुतणं काढलं तिनं.

दादा : मला सांगतेस?

धाकटी : रविवारी तिला घेऊन येणार होते मी. आता कोणत्या तोंडानं आणू?

दादा : ती येऊन गेली.

धाकटी : कधी?

दादा : मंगळवारी.

धाकटी : मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणाली मला.

दादा : दातबीत काही नाही. तिकीट काढून वीसेक लोकांत उभी होती. मी आपला पोपटासारखा बोलत खोलीपाशी आलो, बघतो तर समोर ही.

धाकटी : मग थांबलास ना?

दादा : नाही थांबलो. 'इथे मोलकरीण राहायची,' म्हटलं. तिच्या तोंडावर. कुणीतरी विचारलं, नाव काय होतं तिचं? मी हातातले कागद चाळायला लागलो.

धाकटी : आणि आत्या?

दादा : तीच म्हणाली, 'अहो, कामाची माणसं येतात नि जातात. त्यांना कुठलं आठवणार?' लोक हसले. मीही हसलो गं.

धाकटी : सांभाळून घेतलं तुला.

दादा : नेहमीसारखं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना म्हणते, घसा बसलाय तुझा, कोमट पाणी पीत जा.

धाकटी : पाटी बदल, दादा.

दादा : त्याचा फॉर्म असतो. कालपासून खिशात आहे. सगळा भरला, एका रकान्याशी अडलो. 'चूक होण्याचं कारण.'

धाकटी : काय लिहिलंस?

दादा : आधी लिहिलं, 'अपुरी माहिती.' मग खोडलं.

धाकटी : आणि आता?

दादा : 'माहीत होतं.'