झाकण उघडायचं नाही!

...आणि बरण्या कुणाच्या? माझ्या! काकडीच्या लोणच्याच्या! तुम्हाला सांगते, दर उन्हाळ्यात काकड्या आल्या की मी तळघर धुंडाळतेय, शेजारणीपुढे हात पसरतेय, आणि आमच्या बरण्या कुठे? बेडरूममध्ये! दिव्याखाली! आत मूठभर खडी, वर झाकण, झाकणाला चिकटपट्टी, आणि त्या खडीत काय, तर निवडुंगाचं बी! बाहेर उणे बारा, अख्खं ब्रनो शहर टोपीत नाक खुपसून चाललंय, आणि आमच्याकडे मेक्सिकोची पोरं उबेत लोळतायत! बरं, खडी तरी सरळ घालावी ना? छे! आधी ती माझ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवायची. दगड हो, दगड! जंतू मरायला हवेत म्हणे. कुकर फुसफुसतोय, शेजारीण दारातून विचारते, "वा व्लास्ता, मटणाचा गुलाश वाटतं?" मी म्हणते, "नाही, खडी." आता तीही विचारेनाशी झालीय.

तर माझा नवरा, क्वेतोश, जानेवारीत तीच खडी आणायला गॅरेजमध्ये गेला, आणि दारातल्या बर्फावरून घसरला. खुबा मोडला! मी घरातल्या चपला घालूनच खाली धावले. रुग्णवाहिकावाल्यांनी त्याला उचलला, स्ट्रेचरवर घातला, आणि त्यानं माझा हात धरला. घट्ट!  म्हटलं, आता काहीतरी बोलणार. इतक्या वर्षांत बोलला नाही ते बोलणार. मी खाली वाकले, कान जवळ नेला... आणि तो म्हणतो, "व्लास्ता... झाकण उघडायचं नाही!"

झाकण उघडायचं नाही! अहो, मी इथे रडायच्या बेतात!

पण त्याचंही खरं होतं, तेही सांगते. ते बी साधं नव्हतं. त्याच्या वडिलांनी क्वेतोश जन्मला त्या वर्षी एक निवडुंग लावला होता. दोघं एका वयाचे. दर जूनमध्ये त्याला पिवळं फूल यायचं, आणि हा माणूस, जो माझा वाढदिवस विसरतो, तो त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर बसायचा. गेल्या शरदात तो निवडुंग मुळाशी सडला. एका आठवड्यात बसला. उरलं ते एवढंच बी, बरण्यांतलं.

ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, हे उभेच राहत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. या वयात आत्ता चालले नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत."  मी लसणीचं सूप नेलं, त्यानं तोंड फिरवलं. मी खसखशीचे गोड पाव, आमचे कोलाचे, नेले, बाजूच्या खाटेवाल्यानं खाल्ले. काय करू? काय करू मी? घरी आले, बेडरूममध्ये बसले, आणि सहज बरणीकडे बघितलं तर... हिरवं! टाचणीच्या टोकाएवढं हिरवं! मी चष्मा लावला, भिंग घेतलं, एकेक करत मोजलं. सत्तेचाळीस! तडक दवाखान्यात फोन. "क्वेतोश, उगवले रे! सत्तेचाळीस!"  मग म्हणतो, "झाकण?" मी म्हटलं, "नाही उघडलं." दुसऱ्या दिवशी नर्स सांगते, आजोबा कुबड्या मागतायत!

बास! मग माझं ठरलंच. ही पोरं जगली तर माझा माणूस चालणार. रोज दुपारी फोन. "किती?" "सत्तेचाळीस." "रंग?" "हिरवा." "झाकण?" "नाही रे बाबा, नाही!" आणि तो फोन ठेवून कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारणार. मी झोपेनाशी झाले हो. दिवा गेला तर? हीटर बंद पडला तर? बरणीला धक्का लागला तर? मी त्या खोलीत शिंकतसुद्धा नव्हते. शिंक आली की स्वयंपाकघरात पळायचं!

आणि मग नणंद आली.

लिबुशा. क्वेतोशची थोरली बहीण, मदतीला. ही बाई मदतीला आली की आमच्याकडे काहीतरी फुटतं. मी म्हटलं, "लिबुशाताई, सगळ्या घराला हात लावा, बेडरूमला नको." म्हणाली, "हो हो, वहिनी, तू जा निर्धास्त." मी दवाखान्यात गेले. निर्धास्त! परत आले, दार उघडलं तर घरात वारा. अंगातला कोट काढवेना! बेडरूमची खिडकी सताड उघडी, दुलया खिडकीच्या कठड्यावर टाकलेल्या, आणि नणंद मध्ये उभी, गाल लाल, खूश. आता बघा, आमच्याकडे हे असंच असतं. बर्फ पडो, वादळ येवो, सकाळी खिडक्या उघडायच्या, दुलया बाहेर लोंबकळवायच्या, घराला हवा द्यायची. मीही तेच करते, माझ्या आईनंही तेच केलं. पण बरण्या! बरण्या कुठे? तर खिडकीत! ओळीनं! आणि झाकणं... झाकणं टेबलावर! धुऊन, पुसून, उपडी वाळत घातलेली!

"अगं, काचा धुरकटल्या होत्या गं," लिबुशा म्हणते. "दम कोंडला होता बिचाऱ्यांचा! मी म्हटलं, घेऊ दे जरा श्वास. आणि आतून फडक्यानं पुसल्यासुद्धा. भांड्यांच्या फडक्यानं, स्वच्छ होतं हो!"

मी पलंगावर बसले. दुलई नव्हती, तशीच बसले. आणि दुपारचा फोन वाजला. "किती?" "...सत्तेचाळीस." "झाकण?" तुम्हीच सांगा, मी काय सांगायला हवं होतं?

तिसऱ्या दिवशी बुरशी आली. पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. काही पोरं थंडीनं आधीच पाणी होऊन गेली होती, उरली ती बुरशीनं खाल्ली. आणि तिकडे नर्स म्हणते, आजोबा आज जिना चढले! माझा जीव नुसता टांगणीला. मग मी काय केलं? ज्या जागेच्या नावानं इतकी वर्षं बोटं मोडली तिथेच गेले. क्वेतोशच्या निवडुंगवाल्यांच्या मंडळात! बिअरच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत बसतात सगळे म्हातारे. मी बरण्या टेबलावर ठेवल्या तर सगळे टोप्या काढून उभे राहिले. प्रेताला राहतात तसे! मग सुरू झाले. एक म्हणतो, "जांभळं औषध घाला, बुरशीवरचं." दुसरा म्हणतो, "जांभळं कसलं, वेड लागलंय का तुला, दालचिनी!" तिसरा म्हणतो, "आधी मला सांगा, खडी किती वेळ शिजवली होती?" अहो, पोरं मेली, आता खडीचं काय घेऊन बसलात!

एक हालामा आजोबा तेवढे काही बोलले नाहीत. मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "बाई, मीही त्याच आठवड्यात पेरलंय. याच जातीतलं. चुलत भावंडं म्हणा. रोपं अशी, की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फूल येईपर्यंत देवालासुद्धा ओळखू येणार नाही." मी म्हटलं, "आणि फूल?" तर म्हणतात, "फूल... गुलाबी येतं."

ते दुसऱ्या दिवशी आपली रोपं घेऊन घरी आले. दारात बूट काढले, क्वेतोशच्याच सपाता घातल्या, आणि माझ्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया! शेगडीवर पाणी उकळतंय, आजोबा चिमट्यानं एकेक पोर उचलतायत, मी श्वास धरून मोजतेय. आणि आमच्या मेलेल्या बरणीत, कोपऱ्यात, एक जिवंत निघालं हो! एकच! त्याला जांभळ्या औषधात अंघोळ घातली आणि बाकीच्यांत नेऊन बसवलं. शेहेचाळीस परके, एक घरचा. झाकण लावलं, चिकटपट्टी मारली. आजोबा बोट वर करून मला म्हणाले, "आता झाकण उघडायचं नाही!" म्हटलं, तुम्हीसुद्धा?

क्वेतोश घरी आला. लिफ्टनं नाही, जिन्यानं! कुबड्या टेकत, घामाघूम, आणि मी मागे, पडला तर झेलायला. कोटसुद्धा काढला नाही, सरळ बेडरूम. भिंग काढलं. बघतोय... बघतोय...  मग भिंग खाली ठेवलं, माझ्याकडे वळला, डोळ्यांत पाणी. या माणसाच्या डोळ्यांत! म्हणाला, "व्लास्ता, तू माझ्या बापाचं झाड वाचवलंस." आणि मला मिठी मारली, एक कुबडी धाडकन खाली. मी रडले. त्याला वाटलं आनंदानं.

तिथेच थांबावं ना? नाही! रात्रीच्या जेवणाला पोटभर क्नेड्लिकी, म्हणजे आमचे उकडलेले पिठाचे गोळे, खाल्ले आणि म्हणतो कसा, "आता आठ वर्षं. आठ वर्षांनी फुलतील. सगळी पिवळी, बापाच्या झाडासारखी, खोलीभर! मी ते बघितल्याशिवाय मरत नाही." आणि तेव्हापासून हा माणूस बदललाय! सिगारेट सोडली. डुकराची चरबी सोडली. सकाळी व्यायाम करतो, खिडकी उघडून, दुसऱ्या खोलीत! डॉक्टरीणबाई म्हणतात, असं हृदय त्यांनी या वयात बघितलं नाही.

आणि मी? परवा स्वयंपाकघरात नणंदेलाच म्हटलं, लिबुशाताई, तुम्हाला काय, तुम्ही मोकळ्या झालात. मला आता दोन काळज्या. एक, आठ वर्षं हा टिकला नाही तर माझं कसं होणार? आणि दुसरी... टिकला तर?