महाराजांच्या भुवईतली खूण

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचंच नव्हतं, पप्पांनी शपथ घातलीय, पण तुम्हाला सांगते, गलोंडा गावाच्या पुढच्या त्या राजेसाहेबांनी बंगल्यातली घराण्याची चित्रं लोकांना बघायला उघडली ना, तेव्हाच मला आपली शंका आली! इतकी वर्षं फाटकाशी उभं राहू देत नव्हते, आणि आता एकदम ‘या, या, हा तुमचाच ठेवा’? आमचाच ना, मग चित्रापासून चार हात लांब दोरी कशाला?

आज आमच्या शाळेची सहल इथे. गाईडताई म्हणाल्या, ‘हे थोरले महाराज, दोनशे वर्षांपूर्वीचे. डोळ्यांत तेज बघा!’ मी बघितलं... तर आमचा नवनाथमामा! आमलीत प्लास्टिकच्या कारखान्यात गोणी उचलतो तो! फेटा राजाचा, मोत्यांचा कंठा राजाचा, मधे तोंड मामाचं.

त्याचं काय झालं, पप्पा कपाटांच्या कारखान्यात टच-अपला आहेत. टच-अप म्हणजे, पोचा आला, रंग उडाला, की असं झाकायचं की गिऱ्हाईकाला पत्ता लागता कामा नये. बंगल्याचे गुजराती मॅनेजर म्हणाले, ‘मधुकरभाई, जरा टच-अप करी आपो ने.’ त्यांना म्हणायचं होतं चौकटीला! पप्पा बघतात तर महाराजांचं अख्खं तोंड वाळवीनं खाल्लेलं. मग काय, कारखान्याची सवय! राजाला शोभेल अशी मिशी ओळखीत एकाचीच, त्याचा फोटो काढून आणला. मामा विचारतोय, ‘दाजी, मना फोटू कसाले काढी ऱ्हायनात?’ पप्पा म्हणे, ‘मिशी जरा वर कर!’ मॅनेजरनी चित्र बघितलं... आणि दुसऱ्या दिवशी दोरी! वर पप्पांना दम, ‘बाहेर बोललात तर चित्र बिघडवलं म्हणून पोलिसात देईन.’ शंका येणार नाही का?

गाईडताई तर थांबेचनात. ‘भुवईतली खूण बघा, तलवारीचा वार!’ अहो, वार कसला, प्राजक्ताताईच्या लग्नात नाचताना मामाला बँडवाल्याची पिपाणी लागली! मी ओठ घट्ट दाबले, तर सोनम म्हणते, ‘अमृता, रडतेस काय गं?’ हो म्हटलं, इतिहासानं भरून आलं.

पण मघापासून तिकडे उभ्या राणीसाहेब एकदा चित्राकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मला आपली शंका...

‘अमृता! इकडे ये लवकर, राणीसाहेब विचारतायत, तुझी हनुवटी थेट थोरल्या महाराजांसारखी कशी?’

आल्या का सुजाता मॅडम! आले हं मॅडम! आता काय सांगू, तुम्हीच बघा, खरं बोलावं तर पप्पा पोलिसात, आणि नुसती मान डोलवावी तर नवनाथमामा माझा खापरपणज—